आठवा नट : नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातला निवृत्त विमान देखभाल अभियंता. छोट्या विमानांच्या हँगरमध्ये उमेदीची वर्षं गेली. आज एक चूक कबूल करायची आहे, माझीच.

सेसना १७२ या छोट्या विमानाच्या इंजिनाचा सिलिंडर बदलत होतो. त्याच्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येक तळाशी आठ नटांनी आवळलेला. सात नटांना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं (टॉर्कनं) आवळायचा पाना, लावला आणि ऑफिसातून हाक आली : विमान सकाळी सातला हवंय, कागद कुठवर आले? परत आलो तो थेट पुढच्या कामाला लागलो. आठवा नट नुसता हातानं फिरवलेला, तसाच राहिला. जॉब कार्डावर सही मात्र झाली. रात्री एका ज्युनियर पोरानं सगळ्या नटांवर पुन्हा रेंच फिरवला आणि म्हणाला, "सर, हा फिरतोय." त्याला ते करायला कुणीही सांगितलं नव्हतं. मला आजही खटकतं ते हेच.

सैल नट लगेच दगा देत नाही. यातले काही नट इंजिनाच्या कवचातून आरपार गेलेल्या बोल्टांचे असतात. त्यांच्या ताणावरच क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, बेअरिंगं घट्ट बसलेली असतात. एक ढिला पडला की शेजारच्यांवर भार येतो, बोल्ट तुटतात, सिलिंडर सुटतो. सिलिंडरच्या बैठकीवर रंगाचा थर राहिला तरी हाच प्रकार. त्या दिवशी रेंच टॉर्क बरोबर दाखवतो, पुढे रंग दबतो आणि ताण जातो. जमिनीवरच्या चाचणीत इंजिन गोड चालतं. एकच इंजिन असलेल्या विमानात नंतर काय, खाली दिसेल ते शेत.

२५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान कोसळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन विमानं चार दिवसांत पडली. त्यांचं खापर मी देखभालीवर फोडत नाही, ते काम चौकशीचं. पण अपघातानंतर तपासले जातात ते कागद, आणि कागद चोखच असतात. माझेही होते. २८ जून २०१८ ला घाटकोपरला पडलेल्या किंग एअर या छोट्या विमानाच्या चाचणी उड्डाणात वैमानिकांसोबत देखभालीची दोन माणसं होती. हँगरवाल्यांना आपल्या सहीची किंमत कळत नाही, असं कृपया समजू नका.

१ जानेवारी २०२५ पासून नवा वायुयान अधिनियम आला. हँगरमधली रात्र तीच आहे. कंट्रोल केबलचं, म्हणजे विमान वळवणाऱ्या तारांचं, काम झालं की दुसरा माणूस ते बघून सही करतो. तीच सक्ती सिलिंडर, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र), इंधन आणि ऑइलच्या नळ्यांना लावा. दुसरा म्हणजे त्या कामाला हात न लावलेला माणूस. एकाच हाताच्या, दोन पेनांच्या सह्या मी पाहिल्यात. प्रशिक्षण संस्थांची तपासणी करताना रात्रपाळीला किती माणसं असतात तेही मोजा. आणि आपली चूक स्वतःहून सांगणाऱ्याचं लायसन्स जाणार नाही, हे लेखी द्या.

मी ती चूक तेव्हा कुठंच लिहून दिली नाही. नट आवळला, कार्ड फाइलला लावलं, विमान सकाळी सातला गेलं.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, पुणे