गुप्तदान

सांगली, रविवार

प्रिय बाळ्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मंडळाचे हिशेब यंदा माझ्या गळ्यात पडलेत. काल रात्री जुनी पावतीपुस्तकं चाळत बसलो होतो. पानपट्टीवाल्याचे ५१, पिठाच्या गिरणीचे १०१, तुझ्या आईचे ११. सगळी नावानिशी. आणि एका पावतीवर नुसतंच ‘गुप्तदान, ५१,०००’.

आठवतंय? नाव पावतीवर नव्हतं, पण अख्ख्या कमिटीला ठाऊक होतं. त्याच्या नव्या दुकानाच्या शटरपुढे आपला मांडव यायचा. त्या वर्षी तो दहा फूट सरकला, थेट सार्वजनिक नळाच्या तोंडाशी. बायका घागरी घेऊन वळसा घालत होत्या आणि आपल्याला शिव्या घालत होत्या. ठराव नाही, चर्चा नाही. मांडव आपला सरकला.

तू लिहितोस, ‘निवडणूक रोखे रद्द होऊन जमाना झाला, अजून काय तेच उगाळतोस?’ अरे, तोच मांडव आहे तो! रोखे, म्हणजे राजकीय पक्षांना देणगी द्यायच्या बँकेच्या चिठ्ठ्या, २०१८ मध्ये आले. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत घ्यायचे, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे, आणि पक्षाने पंधरा दिवसांत वटवायचे. देणाऱ्याचं नाव मतदाराला कळणार नाही. त्याआधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. २०१७ मध्ये ती मर्यादाही उडवली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा दानशूर. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने आधीच नापसंती कळवली होती. ऐकतो कोण?

मजा पुढेच आहे. रोख्यावर एक क्रमांक होता, साध्या डोळ्यांना न दिसणारा. अतिनील दिव्याखाली धरला की उमटायचा. म्हणजे कुणाचा रोखा कुठल्या पक्षाकडे गेला, हे जुळवायची खूण होतीच. आजी म्हणायची, दान असं करावं की या हाताचं त्या हाताला कळू नये. इथे देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला सांगायला कोण अडवतंय, अंधारात काय ते तू आणि मी.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. कुणी किती दिले आणि कुणाला मिळाले, या तपशिलासाठी स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेचा निकाल लागून जाईपर्यंत! न्यायालयाने एका दिवसात माहिती द्यायला लावली. याद्या आल्या त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. लॉटरीवाली फ्यूचर गेमिंग एकटी १,३६८ कोटींची. भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलला १,६०९, काँग्रेसला १,४२१. तुझा पक्ष, माझा पक्ष, असं भांडायलाही जागा ठेवली नाही मेल्यांनी.

कुणाला त्या बदल्यात काय मिळालं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपल्या गुप्तदानवाल्याने तरी ‘मांडव सरकवा’ असं कुठे तोंडाने म्हटलं होतं? म्हणावं लागलंच नाही. आणि आपण दोघंही त्या कमिटीत होतो, बाळ्या.

रोखे गेले, पण २०,००० पर्यंतच्या देणगीला पक्षाने नाव जाहीर करायची गरज आजही नाही. मोठ्या रकमेचे तुकडे करायला कितीसा वेळ लागतो, हे तुला हिशेबनिसाने सांगायला नको.

यंदा पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. मांडव जुन्या जागी घालायचा घाट घातलाय, बघू. तुझे १,००१ धरलेत. वहिनींना विचारून पाठव, आणि नाव फळ्यावर लागणार, कुरकुर चालणार नाही.

तुझा,
विज्या