चौकाला नाव नको, रात्रपाळीचं डायलिसिस द्या

संपादक महोदय,

आमच्या माजी नगरसेविका गेल्या महिन्यात गेल्या. तेव्हापासून नाक्यावर बॅनरची गर्दी आहे. जिवंतपणी त्यांचा फोन न उचलणारेही त्यात हात जोडून उभे आहेत. असो. आता चौकाला त्यांचं नाव द्यायचं घाटतंय, म्हणून हे पत्र.

मी महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा, होतो. मुंबईचं बरंचसं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातून जातं, आणि भांडुपच्याच डोंगरावरच्या चाळीत नळाला करंगळीएवढी धार! बाई पहाटेच फोन लावायच्या, "भाऊ, आज किती आटे उघडलेत?" व्हॉल्व्हचे आटे मोजायला त्या माझ्याशेजारी रस्त्यात उकिडव्या बसून शिकल्या होत्या, त्यामुळे थाप मारायची सोय नव्हती. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

पुढे दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. दिवसाचं पाणी मोजून, चहा-आमटीसकट. डाव्या हातात फिश्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, म्हणून फायली आणि पिशवी उजव्या हातात. डोंगर चढताना धाप लागली की पायरीवर टेकायच्या आणि तिथंच लोकांचे अर्ज वाचायला घ्यायच्या. भेटायला येणारे हटकून शहाळी आणायचे. पोटॅशियममुळे त्यांना ते घोटभरही चालत नसे, पण आणणाऱ्याला तसं कधी म्हणाल्या नाहीत. तो वळला की शहाळं गटार साफ करणाऱ्या पोरांच्या हातात जायचं.

७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत नगरसेवकच नव्हते. पद नाही, निधी नाही, तरी बाईंच्या दारात चपला तेवढ्याच. वॉर्ड ऑफिसात साहेब विचारायचे, "आता तुम्ही कशाला येता?" बाई अर्ज पुढे सरकवून म्हणायच्या, "आधी यावर शिक्का मारा."

डायलिसिसला त्यांच्या शेजारच्या खाटांवर रिक्षावाले असत, घरकाम करणाऱ्या बायका असत. ज्या दिवशी डायलिसिस, त्या दिवशी रोज बुडाला. पालिकेच्या रुग्णालयात रात्रपाळीतही डायलिसिस सुरू करा, हा बाईंचा शेवटचा अर्ज. चौकाच्या पाटीवर खर्च करण्याआधी तो निकाली काढावा. पोचपावती माझ्याकडे आहे, नव्या नगरसेवकांना झेरॉक्स हवी असेल तर मी स्वतः नेऊन देतो.

– एक निवृत्त चावीवाला, भांडुप (प.), मुंबई