विजेचा अर्ज

शहापूर, जि. ठाणे
आषाढ शुद्ध नवमी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

होळीनंतर तुला पत्र लिहिले नाही, याबद्दल मनातल्या मनात तू जे बोलला असशील ते मी ऐकून घेतले आहे. आईचा गुडघा होता तसाच. बाकी सर्वांचे ठीक. आज लावणी अर्ध्यावर टाकून लिहायला बसलो, कारण धाकट्या भावाने सौर पॅनेलवर चालणाऱ्या आपल्या शेतासाठी विजेच्या जोडणीचा अर्ज भरून माझ्यापुढे ठेवला आहे, आणि सातबारा दोघांच्या नावावर असल्यामुळे माझ्या संमतीवाचून तो पुढे सरकत नाही.

शेतावर पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी वीज हवी, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. शेण-गोमूत्राच्या जीवामृतावर पिकवलेल्या आपल्या कोलमला पाहुणे दारात जो भाव देतात तो बाजारात मिळत नाही, तेव्हा पाहुणे आहेत म्हणून शेती आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नाशिककडचेही लोक येतात. तेही नेमके पावसाळ्यात, जेव्हा आभाळ आठवडा आठवडा उघडत नाही, पॅनेल नावापुरते चालतात आणि बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू नयेत म्हणून मी रात्री पंखेसुद्धा मोजून लावू देतो. परवा एका बाईंनी केस वाळवण्याचे दीड हजार वॅटचे यंत्र लावले आणि इन्व्हर्टरने मान टाकली. काकींनी कंदील काढले तेव्हा त्या बाईंची मुले टाळ्या पिटत होती आणि यजमान हातात चार्जर घेऊन माझ्याकडे पाहत होते. शिकायला राहिलेल्या पोरांच्या मात्र हे अंगवळणी पडले आहे: ऊन असेल तेव्हा पंप, दुपारी गिरणी, संध्याकाळी आधी बॅटरीचा आकडा आणि मग दिवा. लिफ्ट बंद पडली की बाराव्या मजल्यावरून मला फोन करणाऱ्या तुझ्यापेक्षा ती अधिक तयार आहेत. वीज आल्यावर त्यांना मी काय शिकवावे? बटण दाबायला ती घरूनच शिकून आलेली असतात.

तरीही विजेला माझा विरोध नाही. भीती आहे ती विहिरीची. सौरपंप दिवस मावळताच थांबतो आणि रात्रभर झरे विहीर भरून काढतात. जोडणी आली की पंप रात्रीही चालेल, कारण धाकट्याला उन्हाळी भेंडी लावायची आहे आणि पाहुण्यांसाठी पोहण्याचे टाके बांधायचे आहे (त्याचा नकाशा अर्जाच्या खालीच निघाला). भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे उशाला असताना उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतात, आणि मे महिन्यात खालच्या पाड्यातल्या बायका हंडे घेऊन आपल्याच विहिरीवर येतात, हे तू पाहिले आहेस. त्यांना मी काय सांगू, टाके भरायचे आहे म्हणून? पंप तीन अश्वशक्तीचा की पाचचा यावरून आसनगाव स्टेशनवर आपण एक लोकल सोडून भांडलो होतो, तेव्हा पाचचा हट्ट तुझा होता. धाकटा आता तोच मुद्दा तुझ्याच शब्दांत मला ऐकवतो, तेव्हा या प्रकरणात तूही निर्दोष नाहीस.

जोडणी फक्त पाहुण्यांच्या खोल्यांना घ्यावी आणि पंप उन्हावरच ठेवावा, असे त्याच्याकडून लिहून घ्यावे असे कधी मनात येते. पण भावाकडून लिहून घेणे म्हणजे वाटणीपत्राची पहिली ओळ लिहिणे, आणि नानांच्या घरी पुढे काय झाले ते तुला सांगायला नको. न लिहिता ठरवले, तर तार विहिरीपर्यंत ओढायला एक दुपार पुरेल.

तुझी बदली बेलापूरलाच झाली हे उत्तम झाले. मीनूला बारावीबद्दल शाबासकी सांग. पेढे बाकी आहेत.

येत्या रविवारी मात्र ये. आसनगावला धाकटाच गाडी घेऊन येईल. वाटेत तो भेंडीचा हिशेब मांडेल तो शेवटपर्यंत ऐकून घे, पण जेवण होईपर्यंत कोणाचीही बाजू घेऊ नकोस.

तुझा,
विनायक