ज्वारीचा उडीद होत नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या कृषी पानावर ‘बोंडअळीला लागली औषधाची सवय’ असा मथळा होता. मी दहावीला विज्ञान शिकवते आणि घरी पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आहे, त्यामुळे तो मला दोन्हीकडून टोचला.

आमचे मामाजीही तेच म्हणतात. ‘‘अळीले औषधाची सवय लागली सूनबाई, जशी मले चहाची.’’ मामाजींना चहाची सवय आहे, यात वाद नाही. पण ती त्यांना त्यांच्या हयातीत लागली. नातवंडं काही ती घेऊन जन्माला आली नाहीत; दोघंही चहाला तोंड लावत नाहीत. आणि बीटी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीला तर तेवढी सवड तरी कुठे? बीटी म्हणजे एका जिवाणूचा जनुक घातलेली कपाशी; अळीला मारणारं प्रथिन ती स्वतःच बनवते, तेच इथलं औषध. कोवळी अळी बोंडात शिरते, ते प्रथिन तिच्या पोटात जातं, आतडं निकामी होतं आणि ती मरते. सवय लागायला आधी जगावं लागतं.

मग झालं काय? काही अळ्यांना ते प्रथिन बाधतच नव्हतं. बीटी येण्याच्या आधीपासून लाखांत एखादी तशी असणार, पण तिचा तो गुण तेव्हा कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. 2002 मध्ये बीटी आलं, बाकीच्या मेल्या, ही उरली. पुढची पिढी तिची.

हे सांगून कळत नाही, म्हणून मी वर्गात ज्वारी आणते. चाळीस मुलं, प्रत्येकाने पंचवीस दाणे मोजायचे, झाले हजार. त्यात गुपचूप दोन उडीद टाकलेले असतात. मग ‘फवारणी’: ज्वारीच्या दर दहा दाण्यांतले नऊ बाजूला काढायचे, उडदाला हात लावायचा नाही. उरतात शंभर ज्वारी आणि दोन उडीद. प्रत्येक उरलेल्या दाण्याची दहा पिल्लं. आता हजार ज्वारी, वीस उडीद. पुन्हा फवारणी, पुन्हा पिल्लं: हजार ज्वारी, दोनशे उडीद. तिसऱ्यांदा केलं की हजार ज्वारी आणि दोन हजार उडीद! मोजता मोजता तास संपतो, निम्मी ज्वारी बाकांखाली सांडते, शिपाईकाका चिडतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा शेवटी म्हणाला, ‘‘पण मॅडम, यातल्या एकाही ज्वारीचा उडीद झाला नाही.’’ नैसर्गिक निवड मला इतक्या कमी शब्दांत कधी सांगता आली नव्हती.

डार्विनच्या आधीच्या लॅमार्कचा जिराफ पुस्तकात असतो, तो पानं खायला मान ताणतो, मान लांबते आणि ती लांब मान पिल्लांना मिळते. मुलांना तोच आवडतो आणि परीक्षेत डार्विनच्या नावावर तोच उतरतो. आपला मथळाही त्याच जिराफाचा. दुसरी गफलत ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीची. तगलेली अळी काही पैलवान नव्हती. साध्या, बिगर-बीटी कपाशीवर तिला तिच्या त्या गुणाचा काडीचा उपयोग नव्हता. परिस्थिती बदलली म्हणून ती ‘लायक’ ठरली.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग बीटीला गुलाबी बोंडअळीच का पुरून उरली, हिरवी का नाही? हिरवी बोंडअळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच. ती तुरीवर, हरभऱ्यावर, कशावरही वाढते. तिथे बीटी नसतं, त्यामुळे साध्या अळ्याही भरपूर उरतात. गुलाबीचं जवळपास सगळं आयुष्य कपाशीवर, आणि आपल्याकडे शिवारच्या शिवार बीटी. त्यात आपण फरदड घेतो, हंगाम संपला तरी कपाशी न उपटता पुढे ठेवतो, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तिचं ताट वाढलेलंच. 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या, एका जनुकाच्या बीटीला ही अळी दाद देत नसल्याचं जाहीर झालं. तोवर दोन जनुकांचं वाण आलं होतं. पुढे तेही थिटं पडलं. 2017 मध्ये आमच्याकडे डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसू लागल्या आणि वेचणीला हातात कवडी, म्हणजे किडका, कापूस आला.

यावर उपाय बियाण्याच्या पाकिटातच होता. 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील. त्यांचे पतंग तगलेल्या पतंगांशी जुळले की पिल्लं बीटीवर पुन्हा मरतात, कारण तगण्याचा तो जनुक अप्रभावी आहे, आई-बाप दोघांकडून मिळाला तरच कामाचा. नववीत मेंडेलच्या वाटाण्यात शिकवतो तेच हे. अमेरिकेत शेतकऱ्यांनी असे पट्टे राखले, पुढे नसबंद पतंग सोडले आणि 2018 मध्ये तिथल्या कपाशीतून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर झालं. आमच्या घरी मात्र त्या पाकिटाला ‘रेफ्युजी’ म्हणून कोपऱ्यात फेकलं जायचं. अळीला खायला घालायला कोण ओळी लावणार? मी विज्ञानाची शिक्षिका, मीही लावल्या नाहीत.

जानेवारी 2018 मध्ये केंद्रातले तेव्हाचे एक राज्यमंत्री औरंगाबादेत म्हणाले होते की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही. त्याच हंगामात मराठवाड्यातली कपाशी अळीने पोखरली होती. उत्क्रांती डोळ्यांनी बघायचीच होती तर सभेतून उठून कुठल्याही धुऱ्यावर जाऊन एक बोंड फोडायचं होतं.

2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत तो आहे, विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा. पण पहिला असल्यामुळे तो शाळा उघडल्या उघडल्या उरकतो. तेव्हा पेरण्या चालू असतात. बोंडं येतात दिवाळीच्या सुमारास, तोवर आम्ही चार-पाच धडे पुढे. मी तो धडा दिवाळीनंतर एक तास पुन्हा घेते, मुलांना घरून किडकी बोंडं आणायला सांगून. अळी बोंडात असतेच असं नाही. कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधे मुटकुळं करून बसलेली सापडते, तेव्हा मुली किंचाळतात. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी कापूसपट्ट्यापुरता तरी हा धडा मागे ढकलायला हरकत नाही.

आपल्याकडे मागणं एवढंच. बोंडअळीची बातमी यंदाही दोन-तीनदा येईलच. तेव्हा ‘सवय’ऐवजी ‘औषधाने न मरणाऱ्या अळ्या वाढल्या’ असं छापा. मथळा थोडा लांबेल. मामाजी तुमचाच पेपर वाचतात, आणि माझ्यापेक्षा त्यांचा त्याच्यावर जास्त विश्वास आहे.

– एक विज्ञान शिक्षिका, राळेगाव, जि. यवतमाळ