अंबाझरी तलावाचं पाणी पुन्हा मोजा : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री,
नागपूर जिल्हा

सादर नमस्कार.

स्थापत्य शाखेच्या मुलांना शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर एक तक्ता लिहीत आलो. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर त्यातलं १५ टक्के पाणी वाहून तलावात येतं. ११०० मिलिमीटर असेल तर ४० टक्के. 'बिनींचा तक्ता' म्हणून तो देशभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तो आपल्या नागपूरच्या मातीवर मोजलेला आहे, हे मात्र नागपूरच्या मुलांनाही सांगावं लागायचं.

अलेक्झांडर बिनी १८६८ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू व्हायला विलायतेहून आले. नागपूरला पाणी पुरवण्याची योजना त्यांच्याकडे होती. अंबाझरी हा भोसल्यांच्या काळापासूनचा तलाव. त्याचा बांध वाढवून ही योजना १८७३ मध्ये उभी राहिली. त्याआधी, १८६९ ते १८७२ या काळात, बिनींनी शहराजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पाऊस किती पडतो आणि त्यातला किती वाहून येतो, हे मोजून काढलं. सुरुवातीचा पाऊस तहानलेली जमीन पिऊन टाकते. ती तृप्त झाली की पुढच्या प्रत्येक सरीतलं जास्त जास्त पाणी पळतं. आपल्या शेतकऱ्याला हे ठाऊक होतंच, बिनींनी ते आकड्यांत मांडलं. नागपूरच्या या कामावरच्या निबंधाला लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचं टेलफर्ड पदक मिळालं. पुढे ते लंडन काउंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता झाले, १८९७ मध्ये थेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्यांच्या कारकिर्दीत पुरा झाला. मला मात्र त्या बोगद्यापेक्षा नागपूरची मोजमापं मोठी वाटतात. भर पावसात पट्टी वाचणारे हात इथल्याच माणसांचे असणार. त्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत, याची हळहळ आहे.

साहेब, हे आत्ता लिहिण्याचं कारण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी सांडव्यावरून वाहिली, नाग नदी घराघरांत शिरली. माणसं गेली. माझ्या घरात कमरेएवढं पाणी होतं. जुन्या वह्या, मोजणीच्या नोंदींची लेव्हल बुकं, सगळ्याचा लगदा झाला. पुढे मी एका कार्यालयात तलावाच्या पातळीच्या आणि सांडव्यावरून गेलेल्या पाण्याच्या नोंदी मागितल्या. तीन टेबलं फिरलो, हातात काही आलं नाही.

बिनींचा तक्ता आता अंबाझरीला लागू पडत नाही. तो होता वर्षभरात तलावात येणाऱ्या पाण्याचा. एका रात्रीच्या पुराचा हिशेब वेगळा करावा लागतो. शिवाय ती जमीनच बदलली. वाडी आणि हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला जिथे मुरूम आणि माती होती, तिथे आज पत्रे, सिमेंट आणि डांबर आहे. ते पाणी पीत नाही. पाऊस तेवढाच पडला तरी तलावात येणारं पाणी वाढतं आणि लवकर येतं. किती वाढलं, किती लवकर येतं, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरून कोण सांगणार?

पुरानंतर मोजायला बसणं ही आपल्याच देशाची परंपरा आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीने हैदराबाद उद्ध्वस्त केल्यावर निजामाने अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुराचं पाणी वरच्या बाजूला अडवण्याची त्यांची योजना होती, त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. त्यांच्याच नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आपल्याकडे आहे, आजचं व्हीएनआयटी, आणि ते अंबाझरीच्या अगदी जवळ. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ पासून इथेच. वर्धा रोडवर एकाच खांबावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा पूल आपल्या अभियंत्यांनी आणि कंपन्यांनी उभारला, गिनीज बुकात त्याची नोंद झाली. अभिमान वाटतो. इतकं जमणाऱ्या शहराला एका तलावाचं पाणी मोजता येऊ नये?

बांधाच्या मजबुतीचं काम हाती घेतलंत, त्याबद्दल आभार. त्याच्या जोडीला मागणं लहान आहे. पाणलोटात चार-पाच स्वयंचलित पर्जन्यमापक, तलावात पातळीमापक, सांडव्यावर प्रवाहाची नोंद. व्हीएनआयटीच्या मुलांना ते काम द्या. आकडे रोज लोकांसमोर ठेवा, म्हणजे नदीकाठच्या बाईला मध्यरात्री कळेल की पाणी किती चढलं. आणि अंबाझरीच्या बांधावर एक पाटी लावा: इथे १८६९ ते १८७२ या काळातल्या मोजमापांवरून काय शिकलो ते लिहिलेली, मराठीत.

पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. यंत्रं येईपर्यंत साधा मापक बसवा. रोज साडेआठला बांधावर हजर राहून नोंद लिहायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य शिक्षक
नागपूर