कंपाइल झाले म्हणजे काम झाले नव्हे

संपादक महोदय,

जुना प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल केला (म्हणजे त्याचे यंत्रभाषेत रूपांतर केले), एकही एरर आली नाही, की स्थलांतर पार पडले असे धरले जाते. पण कोड जुन्या यंत्राच्या ज्या सवयींवर विसंबलेला असतो, त्या कंपायलरला दिसत नाहीत.

सी भाषेतला साधा ‘चार’ (char, एक अक्षर ठेवणारा एका बाइटचा प्रकार) एक्स८६वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर, -१२८ ते १२७ असतो, लिनक्सच्या एआरएमवर (मोबाइलमध्ये सर्रास असणारे प्रोसेसर) ० ते २५५. एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचार फंक्शनचे उत्तर ‘चार’मध्ये ठेवून ईओएफशी (इनपुट संपल्याची खूण), म्हणजे -१ शी, ताडून पाहणारे लूप एआरएमवर थांबतच नाही, तिथे -१ चे २५५ झालेले असते. व्हेरिएबल ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) करावे. कंपायलरला स्विच देऊन ‘चार’ चिन्हांकित (ऋण संख्याही धरणारा) करून घेता येतो, पण ती मलमपट्टी.

३२ बिटवरून ६४ बिटवर जाताना पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) ८ बाइटचा होतो, इंट ४ बाइटचाच राहतो. पॉइंटर इंटमध्ये कोंबणारा कोड पत्ता २ जीबीच्या आत असेतो बिनबोभाट चालतो, म्हणून छोट्या चाचणीत सुटतो. एक इंट, एक लाँग (दुसरा पूर्णांक प्रकार) असे स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र बांधलेली फील्डे, लिनक्सवर ८ बाइटचे १६ होते (मध्ये ४ बाइट नुसते पॅडिंग, म्हणजे रिकामी भर), आणि जसेच्या तसे डिस्कवर लिहिलेल्या जुन्या फाइली वेड्यावाकड्या वाचल्या जातात. विंडोजवर लाँग ४ बाइटचाच, हा आणखी एक घोळ. फाइलीसाठी ठरावीक रुंदीचे प्रकार घ्यावेत, एकेक फील्ड वाचावे.

सर्वांत चिवट दोष थ्रेडचा, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांचा. एक थ्रेड डेटा लिहून मग ‘तयार’ फ्लॅग लावतो. एक्स८६ दुसऱ्या थ्रेडला हे लेखन त्याच क्रमाने दाखवतो, एआरएमवर फ्लॅग आधी दिसू शकतो. व्हेरिएबलला ‘व्होलाटाइल’ हा शब्द लावून हे सुटत नाही, लेखनाचा क्रम पाळायला लावणारे अ‍ॅटॉमिक व्हेरिएबलच हवे.

कधी नुसता वेगही नडतो. टर्बो पास्कल या जुन्या कंपायलरचे सीआरटी युनिट (त्याच्यासोबत येणारा तयार कोड) ५५ मिलिसेकंदांत लूप किती वेळा फिरले ते मोजून ५५ ने भागत असे. यंत्रे वेगवान झाली, उत्तर १६ बिटांत मावेना, आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ देऊन कोसळू लागले.

म्हणून आधी जुन्या यंत्रावर खऱ्या इनपुटची उत्तरे साठवावीत. नवा कंपायलर तिथे चालत असेल तर सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून दोष तिथेच काढावेत, मगच कोड हलवावा. उलट क्रमाने गेल्यास दोष मूळचा की स्थलांतराचा, हेच उमगत नाही.

आपला,
एक सिस्टीम प्रोग्रामर