बेटाखालचं गोडं पाणी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बेटावर जायचं तुमचं ठरलं, पण कुठल्या ते अजून नक्की नाही, हे एका अर्थी बरंच आहे. बाबा, तुम्ही विचारलंत, आधी काय वाचू? आणि आई, तू विचारलंस, आपण गेल्यामुळे तिथल्या लोकांचं काही बिघडतं का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच लिहिते.

बेटांवरच्या पुस्तकांच्या ढोबळ दोन जाती. एक, बाहेरून आलेल्यांनी लिहिलेली. १७१९ सालच्या रॉबिन्सन क्रूसोचा साचा आठवा: जहाज फुटतं, माणूस किनाऱ्याला लागतो, बेट जणू त्याचीच वाट बघत रिकामं पडलेलं. तो कुंपण घालतो, मालक होतो आणि शेवटी निघून जातो. पर्यटनाच्या जाहिरातीतलं बेट याच घराण्यातलं. पांढरी वाळू, वाकलेला माड आणि माणूस एकही नाही. दुसरी जात बेटावर जन्मलेल्यांच्या लिखाणाची. तिथे समुद्र बघण्यासाठी नसतो, येण्याजाण्यासाठी असतो. बोट आली का, टाकीत पाणी किती उरलं, परदेशी गेलेला मुलगा पैसे पाठवतो का, अशा गोष्टींनी ती पानं भरलेली असतात. एपेली हाऊओफा या, पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांच्या घराण्यातल्या लेखकाने १९९३ च्या एका निबंधात हा फरक फार नेमका पकडलाय. बाहेरच्याला दिसतात ती दूरच्या समुद्रात विखुरलेली इवलीशी बेटं. तिथल्या माणसाला दिसतो बेटांचा समुद्र. पहिला फक्त जमीन मोजतो, दुसऱ्याच्या लेखी मधलं पाणीही घरच.

एकच पुस्तक वाचणार असाल, तर जमेका किंकेडचं ‘अ स्मॉल प्लेस’ घ्या. १९८८ चं, शंभर पानांच्या आतलं. लेखिका कॅरिबियनमधल्या अँटिग्वात जन्मलेली आणि पहिल्या पानापासून ती पर्यटकाशी ‘तुम्ही’ म्हणून थेट बोलते. तुम्ही विमानातून उतरता, टॅक्सीत बसता, खोलीच्या खिडकीतून समुद्र बघून सुखावता. मग ती शांतपणे विचारते, तुमच्या आंघोळीचं आणि संडासाचं पाणी जातं कुठे? तर ज्या समुद्रात तुम्ही आता उतरणार आहात त्यातच. बाबा, तुम्हाला राग येईल. येऊ द्या, पण तिथेच पुस्तक मिटू नका. पुढे वाचनालयाचा भाग आहे. १९७४ च्या भूकंपात इमारत खराब झाली, ‘दुरुस्ती व्हायची आहे’ अशी पाटी लागली आणि वर्षानुवर्षं ती पाटीच राहिली. हॉटेलं उभी राहतात, वाचनालय राहत नाही. मला तर पुस्तकाचं खरं दुखणं सांडपाण्यापेक्षा तिथेच वाटतं.

आता पाण्याचं सांगते, कारण ‘पर्यटक किती चालतील’ याचं उत्तर शेवटी पाण्यापाशीच येतं. सखल प्रवाळबेटावर नदी नसते. पाऊस सच्छिद्र जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं. खारं पाणी त्याहून साधारण अडीच टक्के जड. त्या हिशेबाने समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल, तर पातळीच्या खाली ते सुमारे ४० मीटर असतं. आकार भिंगासारखा, मधे जाड, काठाला पातळ. ऐकायला श्रीमंती वाटते, पण हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी १० सेंटिमीटर उतरवली, की खालचं खारं पाणी कालांतराने ४ मीटर वर सरकतं. एका खोल विहिरीवर मोठा पंप बसवला तर बरोबर त्याच्याखाली खाऱ्या पाण्याचा शंकू उठतो आणि विहीर मचूळ होते. मग पंप बंद करून भागत नाही. एकदा मिसळलेलं मीठ पावसाने धुऊन निघायला महिने, कधी वर्षं लागतात. म्हणून शहाण्या ठिकाणी खोल विहीर टाळतात. पाणीपातळीलगत आडव्या सच्छिद्र नळ्या पुरून थोडंथोडं पाणी ओढतात. किरिबाती या पॅसिफिकमधल्या बेटदेशात, दक्षिण तरावा या राजधानीचं पाणी बोनरिकी या भागातून अशाच पद्धतीने येतं.

त्यात गोम अशी की, पाहुण्यांना हवं असतं स्वच्छ ऊन. म्हणजे गर्दी नेमकी कोरड्या दिवसांत, भिंग सगळ्यात पातळ असताना. समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं असतात, पण ती विजेवर चालतात आणि बेटावर वीज बहुधा बोटीने आणलेल्या डिझेलवर. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीत, मालेत, अशा यंत्रणेला आग लागली आणि सगळ्या शहराचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं.

म्हणून खोली ठरवताना समुद्र दिसतो का हे नंतर विचारा. आधी विचारा: पाणी विहिरीचं, पावसाच्या टाकीचं की यंत्राचं? सांडपाणी शोषखड्ड्यात जातं की प्रक्रियेला? ओला कचरा जिरवतात का, आणि बाटल्या-डबे परत मुख्य भूमीवर जातात की मागच्या बाजूला जाळतात? नीट चालवलेल्या जागेचा माणूस ही उत्तरं तोंडपाठ सांगतो. ‘त्याची तुम्ही काळजी करू नका’ असं कोणी म्हणालं, तर मात्र करा. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज सोडतो, म्हणजे दहा मिनिटांत ऐंशी-शंभर लिटर. बादलीने आंघोळ केली तर वीस लिटरांत होते. चादरी रोज बदलू नका म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

साहित्य बेटाला पर्यटक कसे आणून देतं याचा एक नमुना थायलंडच्या माया बे या खाडीत बघायला मिळतो. ‘द बीच’ ही कादंबरी १९९६ ची. कुणाला माहीत नसलेला किनारा शोधणारे प्रवासीच त्याची वाट लावतात, ही तिची गोष्ट. २००० साली तिच्यावर सिनेमा आला, चित्रीकरण या खाडीत झालं आणि लोक तोच किनारा बघायला हजारोंनी लोटले. गोष्टीचा अर्थ इतका शब्दशः खरा करून दाखवणारे वाचक-प्रेक्षक विरळाच! बोटी थेट खाडीत शिरून नांगर टाकत, आणि प्रवाळाचा सांगाडा नांगराने मोडतोच. त्यातून नांगराची साखळी वाऱ्याबरोबर फिरते, तेव्हा आसपासचं सगळं खरवडून काढते. घट्ट गोलाकार वाढणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे मिनिटभराचं नुकसान भरायला आयुष्य जातं. जून २०१८ मध्ये खाडी बंद केली, जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आता बोटी मागच्या बाजूच्या धक्क्याला लागतात आणि तिथून फळ्यांच्या वाटेने चालत यावं लागतं. बंदीच्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परतले.

तुम्ही बोटीने फिरायला जाल तेव्हा नावाड्याला एवढंच विचारा, नांगर टाकता की कायम बांधलेल्या तरंगत्या पिंपाला दोर लावता? पिंप असेल तरच जा. पाण्यात उतरलात तर पाय टेकायला वाळू शोधा, प्रवाळावर उभं राहू नका. उन्हाच्या क्रीमवर ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट या, प्रवाळाला घातक मानलेल्या रसायनांचं नाव असेल तर ती घरीच ठेवा. पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटदेशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा क्रीमच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आई, तुला तर पूर्ण बाह्यांचा सुती कुडता आणि टोपी पुरेल, क्रीम लागेलच कशाला?

मग जाऊच नये का? असं मला वाटत नाही. फिलिपिन्सचं बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवलं. समुद्राला उसंत मिळाली, पण खोल्या झाडणाऱ्यांचा आणि बोटी चालवणाऱ्यांचा रोजगार बुडाला. अचानक कुलूप लावण्यापेक्षा आधीपासून आकडा ठरवणं बरं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर एका वेळी ४०० च पाहुणे राहू शकतात. ईस्टर बेटावर २०१८ पासून पर्यटकाला जास्तीत जास्त ३० दिवस राहता येतं. अशा ठिकाणी आधी नंबर लावावा लागतो, तेवढा लावा.

आणि पाहुणा कसा असावा, याचं मला आवडणारं उदाहरण आयर्लंडच्या पश्चिमेचं, ग्रेट ब्लास्केट बेटाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासक तिथे आयरिश भाषा शिकायला जात. पाहुणा विद्यार्थी, कोळी गुरुजी. अशाच पाहुण्यांच्या प्रोत्साहनाने तोमास ओ क्रिहन यांनी आपलं आयुष्य लिहून काढलं, ते १९२९ मध्ये छापलं गेलं. पुढे १९३४ मध्ये रॉबिन फ्लॉवर या पाहुण्यानेच ‘द आयलंडमन’ या नावाने त्याचं इंग्रजी केलं. पुस्तक आलं तरी बेटावरची वस्ती मात्र टिकली नाही. १९५३ मध्ये उरलेल्या रहिवाशांना मुख्य भूमीवर हलवावं लागलं. बाबा, तुमचं दुसरं पुस्तक हे.

सहा दिवसांत तीन बेटं, असा बेत कोणी सुचवला तर नको म्हणा. एकाच बेटावर आठवडाभर राहा. बोटींच्या खेपा कमी, धुणं कमी, आणि चौथ्या दिवशी दुकानदार ओळख दाखवायला लागतो. क्रूझने तर नकोच. हजारो माणसं एकदम उतरतात, जेवण-झोप जहाजावर, आणि बेटाच्या वाट्याला उरते ती गर्दी.

बोटीची वेळ भरतीच्या सुमाराची घ्या. ओहोटीला बोट धक्क्याच्या बरीच खाली जाते आणि निसरड्या पायऱ्या उतराव्या लागतात. बाबांच्या गुडघ्यांना ते जमायचं नाही. बसायला मधली किंवा मागची जागा धरा, पुढच्या टोकाला दणके जास्त. मळमळीची गोळी बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नसतो, तास-अर्धा तास आधी घ्यायची, पण बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालते का ते डॉक्टरांना विचारून. वारा वाढला की बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा आणि औषधं आठवडाभर जास्तीची घ्या. रद्द झालेल्या बोटीनंतर पहिल्या खेपेत जागा कमी असतात आणि तिथल्या कुणाला दवाखान्यात किंवा परीक्षेला पोचायचं असतं. तुम्हाला घाई नसेल तर दुसरी खेप घ्या.

संपलेल्या बॅटऱ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं तिथे टाकू नका, परत आणा. त्यासाठी एक जाड पिशवी बॅगेत आधीच घालून ठेव, आई. तारखा ठरल्या की कळवा, भरतीच्या वेळा काढून पाठवते.

तुमची,
लेक